मुंबई ते न्यूयॉर्क : वाट, घड्याळ आणि वारा
(वरच्या प्राथमिक वर्गांतील अंतर, वेग व वेळ या पाठासाठी)

डाळज हे इंदापूर तालुक्यातील गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले आहे. एका अंगास रात्रंदिवस धावणारी वाहने आणि दुसऱ्या अंगास भीमेवरील उजनी धरणाचे दूरवर पसरलेले पाणी, अशी या गावाची ठेवण आहे. येथील मुलास अंतर व वेळ यांची पहिली ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. पाण्यापलीकडील गावाचे दिवे त्यास रात्री दिसतात. होडीने जावयाचे तर ते गाव जवळ. रस्त्याने जावयाचे तर केवढा तरी वळसा. आणि हिवाळ्यात जलाशयावर उतरणाऱ्या पाखरांना तर ना होडी लागते, ना रस्ता. गाव एकच, पण तेथवरचे अंतर वाटेप्रमाणे निराळे, हे ज्ञान मुलाच्या पदरी शाळेत येण्यापूर्वीच पडलेले असते. वर्गात मात्र तेच मूल ‘अंतर भागिले वेग बरोबर वेळ’ एवढे सूत्र पाठ करते आणि घरून आणलेले शहाणपण दप्तराबाहेरच राहते.

पुढील उदाहरण पाहावे. मुंबईहून एक विमान रात्री २ वाजता निघाले आणि त्याच तारखेस सकाळी ७ वाजून ३० मिनिटांनी न्यूयॉर्क येथे उतरले. प्रवासास किती वेळ लागला? बहुतेक मुले साडेसातातून दोन वजा करतात व ‘साडेपाच तास’ असे उत्तर लिहितात. वजाबाकी बिनचूक आहे. उत्तर मात्र साफ चुकीचे आहे. त्याच वर्गात एखादा मुलगा असा असतो की ज्याचा चुलतभाऊ अमेरिकेत नोकरीस आहे. भावाने दूरध्वनीवर सांगितलेले त्यास आठवते आणि तो ‘सोळा तास’ असे लिहितो. रीत मांडता न आल्यामुळे त्याच्या उत्तरावर तांबड्या शाईची फुली पडण्याचा संभव असतो. ज्याने खरे लिहिले तो चुकला आणि ज्याने विचार केला नाही त्यास पूर्ण गुण मिळाले, असे एकदा घडले की ‘शाळेतले गणित वेगळे आणि जगातले वेगळे’ ही समजूत मुलाच्या मनात घर करते. ती पुढे काढून टाकणे फार कठीण जाते. म्हणून हा पाठ केवळ विमानांचा नव्हे. मुलाचा गणितावरील विश्वास राखण्याचा आहे.

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर व वेळ यांच्या पोटात चार निरनिराळे प्रश्न असतात : वाट कोणती, घड्याळ कोणाचे, वारा कोणीकडून, आणि वेळ कोठून कोठवर मोजावयाचा. ते एकेक सुटे करून घ्यावेत.

१. वाट कोणती?

वर्गातील जगाच्या नकाशावर मुंबई व न्यूयॉर्क ही दोन शहरे दाखवावीत आणि एखाद्या मुलास पट्टी ठेवून सर्वांत जवळची वाट आखावयास सांगावे. ज्या नकाशात अक्षवृत्ते व रेखावृत्ते एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या सरळ रेघांनी दाखविलेली असतात, त्यावर ही रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया यांवरून अटलांटिक महासागर ओलांडून जाईल. मुलाचा हात चुकलेला नाही. फसविले आहे ते नकाशाने.

अशा नकाशांपैकी प्रसिद्ध नकाशा मर्केटर याने १५६९ मध्ये तयार केला तो खलाशांच्या सोयीसाठी. त्यावरील सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून चालण्याची वाट होय. ती धरण्यास सोपी असते, पण सर्वांत जवळची असतेच असे नाही. पृथ्वी गोल आहे. गोलाचे साल सोलून सपाट फळ्यावर पसरावयाचे तर ते कोठे तरी ताणावेच लागते. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा ताण वाढतो. ६० अंश अक्षवृत्ताचा खरा घेर विषुववृत्ताच्या घेराच्या निम्मा असतो. नकाशात मात्र दोन्ही रेघा सारख्याच लांबीच्या दिसतात.

हे मुलांस सांगण्यापेक्षा दाखवावे. शाळेत पृथ्वीचा गोल असल्यास उत्तम. नसल्यास गोल घडीचे एक कलिंगड पुरेसे आहे. देठ हा उत्तर ध्रुव समजावा व फळाच्या मध्यावरून आडवे वर्तुळ काढून त्यास विषुववृत्त म्हणावे. देठ व मध्य यांच्या बरोबर अर्ध्यावर खडूने एक खूण करावी. तितक्याच उंचीवर, पण अगदी पलीकडच्या बाजूस, दुसरी खूण करावी. आता दोन दोरे घ्यावेत. एक दोरा त्याच उंचीने फळाभोवती आडवा न्यावा. दुसरा देठावरून पलीकडे न्यावा. फळाचा घेर ६० सेंटीमीटर असेल तर पहिला दोरा सुमारे २१ सेंटीमीटर भरेल, दुसरा केवळ १५. वर चढून गेलेली वाट जवळची निघाली, हे मुले आपल्या हातांनी मोजून पाहतील आणि ते विसरणार नाहीत.

गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट गोलाच्या मध्यबिंदूस मध्य मानणाऱ्या वर्तुळावरून जाते. त्यास बृहद्वृत्त म्हणतात. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटीमीटर असतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरील १ सेंटीमीटर सुमारे ४२५ किलोमीटरांबरोबर होतो. मुंबई व न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरल्यास तो तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे व आइसलँड यांवरून जाऊन ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो व सुमारे साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो. गुणाकार केल्यास अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर येते. मर्केटरच्या नकाशावरील सरळ रेघेने प्रत्यक्ष पृथ्वीवर प्रवास करावयाचा तर सुमारे १४,२०० किलोमीटर कापावे लागतील. पट्टीच्या एका रेघेत सुमारे १,७०० किलोमीटरांची चूक दडलेली असते. ताशी ८५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाचे तेवढ्याने दोन तास वाया जातील.

‘अमेरिका पश्चिमेस असताना विमान उत्तरेकडे का जाते?’ असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला आणि वर्ग हसला, तर शिक्षकांनी वर्गास थांबवावे. तो प्रश्न पाठाचे मर्म आहे.

प्रत्यक्षात विमान दोऱ्याच्या वाटेने तंतोतंत जातेच असे नाही. देशांची आकाशे हीही देशांचीच हद्द असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांस दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला व प्रवासाचा वेळ वाढला. पाण्यापलीकडच्या गावास रस्त्याने जाणाऱ्या मुलास वळसा म्हणजे काय हे निराळे सांगावे लागणार नाही.

२. घड्याळ कोणाचे?

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणून एका तासास १५ अंश व एका अंशास ४ मिनिटे पडतात. हे गणित पाठ करून घेण्यापूर्वी शाळेच्या अंगणात एक प्रयोग करावा. डिसेंबरच्या अखेरीस निरभ्र दिवशी एक काठी ओळंब्यात रोवावी. साडेअकरापासून दीड वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकावर एकेक खडा ठेवावा. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा सूर्य माथ्यावरील आपल्या सर्वांत उंच जागी असतो. मुलांची अपेक्षा अशी असते की हे बाराच्या ठोक्यास घडेल. डाळज येथे ते घडते साडेबाराच्या सुमारास!

कारण सोपे आहे. भारताचे घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. डाळज त्याच्या पश्चिमेस, ७५ अंशांच्या किंचित अलीकडे येते. हा फरक साडेसात अंशांहून थोडा अधिक; म्हणजे सूर्य येथे त्या रेखावृत्तापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. ऋतुमानाप्रमाणे या वेळेत दोन्ही बाजूंस पाव तासापर्यंत फरक पडतो, म्हणून प्रयोगासाठी डिसेंबरची अखेर निवडावी. मुंबई आणखी पश्चिमेस आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली तरी मुंबई शहराने आपले निराळे, ३९ मिनिटे मागे चालणारे घड्याळ १९५५ पर्यंत राखले होते. त्या काळी मुंबईच्या वेळेने व रेल्वेच्या वेळेने गाडी गाठण्याचा हिशेब निरनिराळा करावा लागे. घड्याळ हे माणसांनी आपसांत केलेले ठरावाचे काम आहे, हे या एका गोष्टीवरून मुलांच्या ध्यानी येईल.

आता न्यूयॉर्ककडे वळावे. तेथील घड्याळ ७५ अंश पश्चिम रेखावृत्तावर लावलेले आहे. ८२।। आणि ७५ मिळून १५७।। अंश, त्यास १५ ने भागल्यास १०।। तास येतात. म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्क येथे त्याच तारखेची दुपारचे बारा वाजलेले असतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत तेथे घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक ९।। तासांचा होतो.

आरंभीचे उदाहरण हिवाळ्यातील समजावे. विमान न्यूयॉर्क येथे सकाळी ७।। वाजता उतरले, त्या वेळी मुंबईत सायंकाळचे ६ वाजले होते. रात्री २ पासून सायंकाळी ६ पर्यंत १६ तास झाले. चुलतभावाचे म्हणणे खरे ठरले.

येथे मुलांस एक फार उपयोगी सवय लावता येते. ती म्हणजे उत्तर संभवनीय आहे किंवा नाही हे पाहण्याची. १२,५०० किलोमीटर अंतर साडेपाच तासांत कापावयाचे तर ताशी सुमारे २,२७० किलोमीटर वेग पाहिजे. ध्वनीच्या दुपटीने उडणारे काँकॉर्ड नावाचे प्रवासी विमान पूर्वी होते, त्याचा वेगही याहून थोडा कमीच भरे. आणि ते २००३ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. म्हणजे ‘साडेपाच तास’ हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाने जे विमान कल्पिले, ते आज प्रवाशांस उपलब्धच नाही. हे त्यास हसत सांगावे, हिणवून सांगू नये.

३. वारा कोणीकडून?

तेच विमान परत येताना न्यूयॉर्कहून दुपारी १२ वाजता निघाले व दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता मुंबईस उतरले, असे समजा. घड्याळांप्रमाणे २५ तास झाले, त्यातून १०।। वजा केल्यावर खरा वेळ १४।। तास येतो. जाताना १६ तास आणि येताना १४।।; अंतर तर तेच. मग दीड तास कोठे गेला?

उजनीच्या पाण्यावर होडी चालविणाऱ्यांच्या मुलांस हा प्रश्न आधी विचारावा. वारा पाठीशी असला की वल्हे हलके जाते आणि समोरून असला की जड जाते, हे ती मुले सांगतील. प्रवासी विमाने साधारणतः १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. त्या उंचीवर समशीतोष्ण कटिबंधात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वारे असतात; त्यांस जेट वायुप्रवाह म्हणतात. पूर्वेस येणाऱ्या विमानास त्यांचे साहाय्य होते, पश्चिमेस जाणाऱ्यास अडथळा. हे वारे रोज एकाच जागी व एकाच जोराने वाहत नाहीत; म्हणून वाऱ्याचा अंदाज पाहून विमानाची वाट आखली जाते, आणि तेच विमान एखाद्या दिवशी लवकर, एखाद्या दिवशी उशिरा पोहोचते.

अंकगणितातील ‘नाव व प्रवाह’ ही जुनी रीत येथे तशीच लागू पडते. जाताना सरासरी वेग ताशी सुमारे ७८० किलोमीटर, येताना सुमारे ८६०. या दोहोंची बेरीज निम्मी केली की विमानाचा स्वतःचा वेग ताशी सुमारे ८२० येतो आणि वजाबाकी निम्मी केली की वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी सुमारे ४० येतो. ज्या मुलांस ही रीत पुस्तकात कंटाळवाणी वाटते, त्यांस ती येथे कामाची वाटेल.

आणखी एक गंमत आहे. घड्याळांतील फरक ठाऊक नसला तरीही जाण्यायेण्याचा सरासरी वेळ काढता येतो. जाताना घड्याळाने ५।। तास, येताना २५, बेरीज ३०।।, तिची निम्मी १५।. खरे वेळ १६ व १४।। यांची सरासरीही १५। च येते. जाताना जेवढे तास घड्याळाने लपविले, तेवढेच येताना वाढवून दाखविले. बेरजेत दोन्ही फिटले. हे कसे घडले, ते हुशार मुलांनी स्वतः शोधावे.

४. वेळ कोठून कोठवर?

पुणे ते दिल्ली हे विमानाचे सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. ताशी ८५० किलोमीटर वेग धरल्यास सुमारे एक तास एकवीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून थोडा अधिक वेळ दिलेला आढळतो. येथे घड्याळांत फरक नाही. दोन्ही शहरांची प्रमाणवेळ एकच. मग उरलेला वेळ जातो कोठे? विमान जागेवरून हलून धावपट्टीपर्यंत जाते, आपल्या पाळीची वाट पाहते, हळूहळू उंची गाठते, उतरताना वेग कमी करते, आणि उतरल्यावर पुन्हा जागेवर येऊन उभे राहते. या सर्वांचा समावेश वेळापत्रकात असतो. जवळच्या प्रवासात हा भाग मोठा वाटतो, दूरच्या प्रवासात लहान. गावाच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहण्यात गेलेला वेळ प्रवासात धरावा की नाही, असा वाद वर्गात लावून द्यावा. चर्चा आपोआप योग्य दिशेने जाईल.

जुन्या काळी तर मधल्या थांब्यांचा वेळ फार मोठा असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून मुंबईस लहानसे विमान आणले, तेव्हा वाटेत अहमदाबादेस उतरावे लागले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबे घेत गेले. मुंबई-लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. त्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर धरला तर न थांबता व न वळता गेल्यासही चौदा तासांहून अधिक वेळ लागला असता. थांबे व वळसे निराळेच. १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानांनी एअर इंडियाची सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोहोचविली. अंतरे तीच राहिली. वेग वाढले, थांबे गळले, आणि वेळ घटला.

वर्गातील मांडणी व गुणदान

हा पाठ एका तासिकेत उरकू नये. पहिल्या दिवशी कलिंगड व दोरा, दुसऱ्या दिवशी काठी व सावली, तिसऱ्या दिवशी गणिते, असा क्रम ठेवावा. साहित्यास खर्च येत नाही. कलिंगड तर पाठ संपल्यावर मुलांच्याच पोटात जाते.

उदाहरण देताना ‘स्थानिक वेळेप्रमाणे’ हे शब्द प्रश्नात अवश्य घालावेत आणि दोन्ही ठिकाणांच्या घड्याळांतील फरक सांगावा. तो न सांगितल्यास चूक प्रश्नाची असते, मुलाची नव्हे. उत्तर तपासताना केवळ शेवटचा अंक पाहू नये. ज्याने घड्याळाचा फरक ओळखला पण वजाबाकीत चूक केली, त्यास काही गुण द्यावेत. ज्याने नुसते ‘सोळा’ लिहिले, त्याच्या वहीवर फुली मारण्यापूर्वी त्यास जवळ बोलावून ‘हे तुला कसे समजले?’ असे विचारावे. भावाने सांगितले, असे तो म्हणाल्यास तीच गणिताची सुरुवात धरावी आणि रीत त्याच्याकडूनच फळ्यावर मांडून घ्यावी.

शेवटी मुलांस एक गृहपाठ द्यावा. पाण्यापलीकडील आपल्या ओळखीचे एक गाव निवडावे. तेथे रस्त्याने व होडीने जावयास लागणारा वेळ घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहावा. आणि दोहोंत फरक का पडतो, याची जेवढी कारणे सुचतील तेवढी मांडावीत. वाट, वारा व वाट पाहण्यातील वेळ ही तिन्ही कारणे बहुतेक वह्यांत सापडतील. चौथे कारण, म्हणजे घड्याळाचे, तेथे का लागू पडत नाही, हे ज्या मुलास सांगता येईल त्यास हा पाठ पूर्ण समजला, असे खुशाल समजावे.